एकच युरोडायनॅमिक रिपोर्ट आणि दोन निष्कर्ष: कुणाचं खरं मानायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६६ वर्षांचे, बरीच वर्षं मधुमेह. लघवीची धार बारीक, सुरू व्हायला वेळ लागतो, रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं. सोनोग्राफीत प्रोस्टेट ३८ ग्रॅम आणि लघवी केल्यावर पिशवीत १७० मिली शिल्लक. युरोडायनॅमिक तपासणी, म्हणजे लघवीच्या पिशवीतला दाब आणि धार एकत्र मोजणारी तपासणी, झाली. पहिल्या युरॉलॉजिस्टनी सांगितलं, "अडथळा आहे, दुर्बिणीतून प्रोस्टेटचं ऑपरेशन करून घ्या." दुसऱ्यांनी तेच कागद बघून सांगितलं, "पिशवीच कमजोर आहे, ऑपरेशनचा उपयोग होणार नाही." मुलगा विचारतो की ही तपासणी मुळात विश्वासार्ह आहे का, आणि दोघांपैकी कुणाचं ऐकायचं? त्याने रिपोर्टचे आणि आलेखांचे फोटोही पाठवले आहेत.

आधी उत्तर सांगतो, कारणं नंतर. तपासणी चांगली आहे, पण तुमच्या वडिलांचा आलेख ज्या अवस्थेत आहे त्यावरून ऑपरेशन करा किंवा करू नका, यातलं काहीच ठामपणे म्हणता येत नाही. दोन्ही डॉक्टरांच्या म्हणण्याला त्या कागदात आधार आहे. आणखी एक गोष्ट तुम्हाला बहुधा कुणी सांगितली नसेल: अडथळा आणि कमजोर पिशवी या दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात. मधुमेह असलेल्या साठीपुढच्या पुरुषात तर हे वारंवार दिसतं.

शेतातल्या पाइपातून पाणी कमी येत असेल, तर पाइप कुठेतरी तुंबलाय की मोटरच दाब देत नाही, हे नुसत्या धारेकडे बघून कळत नाही. तिथे दाब मोजावा लागतो. युरोडायनॅमिक्सचं सगळं प्रयोजन एवढंच आहे. साध्या युरोफ्लोमेट्रीत, म्हणजे नळीशिवाय फक्त धार मोजणाऱ्या तपासणीत, धारेचा कमाल वेग सेकंदाला १० मिलीपेक्षा कमी आला की बहुतेक जण "अडथळा" म्हणून मोकळे होतात. पण प्रोस्टेटच्या रुग्णांवरच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात या कसोटीने अडथळा असलेल्यांपैकी ४७ टक्केच पकडले गेले, आणि ज्यांना अडथळा ठरवलं त्यांच्यापैकी सुमारे ७० टक्क्यांमध्येच तो खरोखर होता. उरलेल्या माणसांची धार बारीक असण्याचं कारण प्रोस्टेट नव्हतं. म्हणून दाब आणि धार एकत्र मोजण्याची ही तपासणी अजूनही टिकून आहे.

यात एक बारीक दुहेरी नळी, साधारण २ मिलिमीटर जाडीची, लघवीच्या पिशवीत जाते आणि दुसरी गुदाशयात. पहिली पिशवीतला एकूण दाब सांगते, दुसरी पोटाचा दाब. मशीन पहिल्यातून दुसरा वजा करतं आणि उरतो तो पिशवीच्या स्नायूचा, म्हणजे डिट्रुसरचा दाब. रिपोर्टमधला सगळ्यांत महत्त्वाचा आकडा असा वजाबाकीतून येतो, तो थेट मोजलेला नसतो. त्यामुळे गुदाशयातल्या नळीने काही चुकीचं दाखवलं तर ती चूक सरळ पिशवीच्या नावावर चढते. बहुतेक रिपोर्ट तिथेच बिघडतात आणि बहुतेक वाचणारे त्या रेषेकडे बघतसुद्धा नाहीत.

आता तुमच्या वडिलांचे आकडे घेऊ. मशीनने छापलंय: कमाल धार सेकंदाला ९ मिली, त्या क्षणी डिट्रुसरचा दाब ६० सेंटीमीटर पाणी (इथे दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजतात). अडथळ्याचा निर्देशांक काढायची रीत सोपी आहे. दाबातून धारेची दुप्पट वजा करायची. ६० वजा १८ म्हणजे ४२. चाळीसच्या वर असेल तर अडथळा, वीसच्या खाली असेल तर अडथळा नाही, आणि २० ते ४० मधला पट्टा अनिश्चित. पहिल्या डॉक्टरांनी ४२ बघून अडथळा म्हटलं, आणि छापील आकड्यापुरतं ते बरोबर आहे. पिशवीच्या ताकदीचा निर्देशांक म्हणजे दाब अधिक धारेची पाचपट, ६० अधिक ४५, म्हणजे १०५. शंभरच्या वर असल्याने ताकद ठीक.

पण आलेखात धारेची रेषा बघा. ९ चा आकडा जिथे नोंदलाय तिथे एक टोकदार सुळका आहे, एक सेकंदसुद्धा न टिकणारा. त्याच्या दोन्ही बाजूंना धार सहाच्या आसपास सपाट चालली आहे. लघवी करताना माणूस जरा हलला, धार फनेलच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला गेली किंवा हाताने दाबली गेली की असा सुळका येतो. पिशवीत त्या क्षणी काहीही घडलेलं नसतं. मशीनला हा फरक समजत नाही, ते सगळ्यांत उंच टोक उचलतं आणि छापतं. इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटी या लघवीच्या विकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शनात धारेची रेषा सुमारे दोन सेकंदांची सरासरी धरून गुळगुळीत करून मगच कमाल वाचावी असं स्पष्ट म्हटलंय. तशी वाचली तर तुमच्या वडिलांची कमाल धार ६ येते आणि त्या जागी छापील डिट्रुसर दाब ५६ आहे. निर्देशांक ५६ वजा १२, म्हणजे ४४. अडथळा कायम. पण ताकद ५६ अधिक ३०, म्हणजे ८६. शंभरच्या खाली, म्हणजे कमजोर. एक सुळका बाजूला काढताच "फक्त अडथळा"चा "अडथळा आणि कमजोरी" झाला.

आता पोटाच्या दाबाची रेषा बघा, बहुधा दुसऱ्या डॉक्टरांनी हेच बघितलं असावं. लघवी सुरू होताना ती रेषा आधीच्या पातळीपेक्षा साधारण १२ ने खाली जाते आणि लघवी संपल्यावर परत वर येते. लघवी करताना ओटीपोटाखालचे स्नायू सैल होतात आणि गुदाशयातल्या नळीभोवतीचा दाब तेवढ्यापुरता घटतो. पिशवीवर त्या घसरणीचा तसाच परिणाम झालाच असेल असं नाही, पण वजाबाकीत १२ कमी वजा झाल्याने डिट्रुसरचा दाब तेवढाच फुगून दिसतो. ते १२ काढून टाकले तर दाब ४४, अडथळ्याचा निर्देशांक ३२, म्हणजे अनिश्चित पट्टा. ताकद ७४, म्हणजे नक्कीच कमजोर.

इथे मी सावध राहीन. ते १२ पूर्णपणे काढायचे की थोडे, हे अंदाजाचं काम आहे. त्याच वेळी पिशवी आकुंचन पावत असल्यामुळे तिचा स्वतःचा दाब वर चढत असतो आणि पोटातला खरा दाब किती उतरला हे वेगळं करता येत नाही. एक अनुभवी माणूस पूर्ण दुरुस्ती करेल, दुसरा तितकाच अनुभवी माणूस करणार नाही. त्यामुळे तुमच्या वडिलांच्या बाबतीत अडथळा आहे की नाही हा सगळा निकाल १२ सेंटीमीटर पाण्याच्या एका घसरणीवर टांगलेला आहे. कमजोरीचं तसं नाही. सुळका काढून नीट वाचलं की ती ८६ आणि ७४ या दोन्ही आकड्यांत दिसते. म्हणून त्या कागदातून काही घ्यायचंच असेल तर मी म्हणेन की पिशवी थकलेली असण्याची शक्यता बरीच आहे आणि अडथळ्याचा प्रश्न उघडा आहे.

तुमचा मूळ प्रश्न विश्वासार्हतेचा आहे. लोक सगळं एकत्र करून "तपासणी बेभरवशाची" असं म्हणतात, म्हणून यातल्या तीन गोष्टी सुट्या करतो.

पहिली: त्याच माणसाची तपासणी परत केली तर तेच येईल का? तंतोतंत नाही. एकाच बैठकीत दोनदा लघवी करायला लावली तर दुसऱ्या वेळी दाब बहुधा थोडा कमी येतो. काठावरचे रुग्ण एका पट्ट्यातून शेजारच्या पट्ट्यात जातात. पण ठळक अडथळा असलेला माणूस दुसऱ्या वेळी "काहीच अडथळा नाही" असा निघणं विरळ. म्हणून निर्देशांक ८० असेल तर मी निश्चिंत असतो, ४२ असेल तर नाही. चाळीस ही रेषा माणसांनी सोयीसाठी आखलेली आहे. ३९ आणि ४१ मध्ये शरीराच्या दृष्टीने काहीही फरक नाही.

दुसरी: तोच आलेख दोघांनी वाचला तर? पिशवीत किती मावलं, किती बाहेर आलं, किती उरलं, यावर वाचणारे सहसा सहमत होतात. टोकाच्या आलेखांवरही होतात. मतभेद ठरावीक जागी होतात: रुग्णाने "लागली" असं कधी सांगितलं ती नोंद, भरताना दाबात आलेली एखादी लहान लाट, जोर देऊन लघवी केली की नाही, आणि अर्थात मधला पट्टा. भरताना पिशवी मध्येच आकुंचन पावली असं म्हणायला पूर्वी १५ सेंटीमीटरची अट होती. २००२ पासूनच्या व्याख्येत किमान आकडा ठेवलेला नाही, लाटेचा आकार बघून ठरवायचं असतं. हे शास्त्राला धरून आहे, पण आता वाचणाऱ्याच्या नजरेवर जास्त भार आला. कमजोर पिशवीचं तर त्याहून कठीण. तिची अधिकृत व्याख्या शब्दांत आहे: आकुंचनाची ताकद किंवा कालावधी कमी, आणि त्यामुळे पिशवी रिकामी व्हायला जास्त वेळ लागणं किंवा ती पूर्ण रिकामी न होणं. किती कमी म्हणजे कमी, हे त्यात नाही. शंभरची रेषा प्रोस्टेटच्या त्रासाच्या पुरुषांवरून आलेली एक सोय आहे. दोन चांगले डॉक्टर इथे वेगळं बोलले तर त्यातला एक अडाणी किंवा लोभी आहे असा अर्थ काढू नका.

तिसरी गोष्ट रुग्णाच्या दृष्टीने खरी मोलाची: अचूक वाचलेल्या आलेखाने ऑपरेशननंतर बरं वाटेल की नाही हे कळतं का? काही अंशी. इंग्लंडमधल्या २६ रुग्णालयांत ८२० पुरुषांवर अपस्ट्रीम नावाची मोठी चाचणी झाली. निम्म्यांना नेहमीच्या तपासण्या, निम्म्यांना त्यासोबत युरोडायनॅमिक्स. २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार १८ महिन्यांनी दोन्ही गटांची लक्षणं सारखीच होती, आणि ऑपरेशनचं प्रमाणही जवळपास सारखं, ३८ आणि ३६ टक्के. म्हणजे सरसकट प्रत्येकाची ही तपासणी करून ऑपरेशनं टळत नाहीत. युरोपातल्या युरॉलॉजी संघटनेचं मार्गदर्शनही ती निवडकच सांगतं: आधीचं ऑपरेशन फसलेलं, १५० मिलीपेक्षा जास्त लघवी एका वेळी होतच नाही, ३०० मिलीपेक्षा जास्त शिल्लक राहते, किंवा वय ५० च्या आत वा ८० च्या पुढे आणि ऑपरेशनचा विचार चाललाय. तुमच्या वडिलांचं वय आणि १७० मिली या यादीत थेट बसत नाही. पण बऱ्याच वर्षांचा मधुमेह आणि मध्यम आकाराचं प्रोस्टेट अशी जोडी असताना ऑपरेशनआधी ती करून घेतली हे मला पटतं. ब्रिस्टलमधल्या गटाने कमजोर पिशवीच्या पुरुषांचा ऑपरेशननंतर किमान दहा वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा ऑपरेशनचा दीर्घकालीन फायदा दिसला नाही. तोच माणूस कमजोरीबरोबर ठळक अडथळाही घेऊन आला तर मात्र मी ऑपरेशनचा विचार करतो, फक्त आधी त्याला स्पष्ट सांगतो की धार तरुणपणीसारखी होणार नाही.

आता तुमच्या कागदातल्या आणखी काही गोष्टी, कारण त्यावरून पुढे काय करायचं ते ठरेल.

आलेखाच्या अगदी डाव्या कडेला, भरायला सुरुवात होण्याआधी, पिशवी आणि पोट या दोन्ही रेषा शून्यावर आहेत. हे बरोबर नाही. शून्य बाहेरच्या हवेच्या दाबाला लावायचं असतं आणि मोजणारा भाग जघनास्थीच्या (ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या) वरच्या कडेच्या उंचीवर ठेवायचा असतो. तसं केलं तर आडवं झोपलेल्या माणसात दोन्ही दाब ५ ते २०, बसलेल्यात १५ ते ४०, उभ्यात ३० ते ५० च्या दरम्यान येतात, आणि त्यांची वजाबाकी शून्याच्या आसपास. दोन्ही रेषा मुळातच शून्यावर असतील तर नळ्या आत गेल्यावर बटण दाबून शून्य केलेलं आहे. घाईच्या ठिकाणी हे सर्रास होतं. त्यातून आकड्यात फरक पडतोच, पण त्याहून वाईट म्हणजे नळी नीट बसली आहे की नाही हे ओळखायची पहिली खूण पुसली जाते.

खोकल्याची खूण मला एकदाच दिसते, सुरुवातीला. ती भरताना साधारण दर मिनिटाला आणि लघवी करण्याच्या आधी व नंतर हवी. खोकल्यावर दोन्ही रेषा सारख्याच उंच उडाल्या तर वजाबाकीवर भरवसा ठेवता येतो. लघवीनंतरचा खोकला सगळ्यांत जास्त वेळा राहून जातो, आणि लघवीबरोबर नळी निसटली होती का हे त्याच्यावरूनच कळतं. तुमच्या आलेखात तो नाही. त्यामुळे लघवीच्या दुसऱ्या अर्ध्या भागातला दाब खरा होता की नाही, याची खातरजमा करायला काही उरलं नाही.

पिशवी ३६० मिलीपर्यंत भरली, त्यातून १९० बाहेर आलं. वडील घरी एका वेळी किती करतात? हे कुठेही लिहिलेलं नाही, कारण लघवीची डायरी केलेलीच नाही. घरी ते दर वेळी १५० मिली करत असतील आणि इथे मशीनने मिनिटाला ५० मिलीच्या वेगाने ३६० भरलं असेल, तर ताणलेली पिशवी कमी जोराने आकुंचन पावली यात नवल नाही. मूत्रपिंडं एरवी मिनिटाला एक-दोन मिली भरतात. अनोळखी खोली, नळ्या लावलेल्या, समोर माणसं उभी, हेही आपल्याकडच्या वडीलधाऱ्या माणसाला जड जातं. नेहमी उभं राहून करणाऱ्याला बसवून करायला लावलं असेल तर तेही विचारून घ्या. एक दिलासा आहे: नळीशिवायच्या युरोफ्लोमेट्रीत धार ८ होती आणि नळीसकट ६. म्हणजे तपासणीतली लघवी अगदीच अनैसर्गिक झालेली नाही.

नळी पाण्याने भरलेली होती की हवेवर चालणारी, हेही रिपोर्टवर लिहिलेलं नाही. वर दिलेल्या सगळ्या सीमारेषा पाण्याच्या नळ्यांवरून ठरलेल्या आहेत आणि दोन्ही प्रकारांचे आकडे एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

मी तुमच्या जागी असतो तर हे केलं असतं. तीन दिवसांची डायरी: किती वाजता, किती मिली, रात्री किती, पाणी किती. साधं मोजपात्र पुरतं. रात्री लघवीच जास्त तयार होत असेल तर तीन-चार वेळा उठण्याचा संबंध प्रोस्टेटशी कमी आणि साखर, पायावरची सूज, झोपेतलं घोरणं यांच्याशी जास्त असू शकतो. ते ऑपरेशनने जाणार नाही. लघवीची तपासणी आणि कल्चर (जंतू आहेत का ते बघायला), क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम बघायला), एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर). वडील सर्दीच्या किंवा झोपेच्या कुठल्या गोळ्या घेतात, बद्धकोष्ठ आहे का, हे डॉक्टरांना नीट सांगा. यातल्या काही गोळ्या पिशवीचा जोर कमी करतात आणि आलेखात ते कमजोरी म्हणूनच दिसतं. सोनोग्राफीतली शिल्लक लघवी वेगळ्या दिवशी परत मोजा, कारण तो आकडा दिवसागणिक बराच बदलतो.

मग दाब आणि धारेचा भाग पुन्हा करून घ्या, जिथे युरॉलॉजिस्ट स्वतः किंवा प्रशिक्षित माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत बाजूला उभा राहतो. आलेखातली चूक चालू तपासणीतच पकडली तर दुरुस्त होते, नळी सरकवता येते, परत खोकायला लावता येतं, परत भरून दुसऱ्यांदा लघवी करून घेता येते. छापून झाल्यावर फक्त तर्क उरतो. जाताना डायरी न्या आणि दोन वेळा लघवी करून घ्या अशी विनंती करा. दोन्ही वेळा निकाल एकच आला तर त्याचं वजन खूप वाढतं. रिपोर्टमध्ये पूर्ण आलेख, मोठ्या छपाईत, द्यायला सांगा. निष्कर्षाच्या दोन ओळी पुरेशा नाहीत.

तोपर्यंत औषधाने धीर धरायला हरकत नाही. प्रोस्टेटचे स्नायू सैल करणारी टॅमसुलोसिनसारखी गोळी सुरू नसेल तर डॉक्टरांना विचारा. ती पहिल्या दिवसांत चक्कर आणू शकते, रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर जास्त, म्हणून रात्री झोपताना घेतलेली बरी. मोतिबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर ही गोळी चालू आहे हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा.

दोन्ही डॉक्टरांकडे पुन्हा जाल तेव्हा "कोण बरोबर" असं विचारू नका. पहिल्यांना विचारा, "कमाल धारेचा आकडा हाताने वाचला तर किती येतो?" दुसऱ्यांना विचारा, "लघवी करताना पोटाची रेषा खाली गेली आहे, ती दुरुस्ती न करता तुमचा निष्कर्ष काय?" दोघेही आलेख हातात घेऊन बोलायला लागले की त्यांच्यातलं अंतर बहुधा कमी होईल. एखाद्याने आलेखाकडे न बघता फक्त छापील निष्कर्ष वाचून दाखवला, तर त्याच्या मताला मी कमी वजन देईन.

या सगळ्यात काही आठवडे जातील. साधारणपणे त्याने नुकसान नाही. पण लघवी पूर्ण अडकली, क्रिएटिनिन वाढायला लागलं, सोनोग्राफीत मूत्रपिंडांना सूज दिसली, पिशवीत खडे निघाले, किंवा ताप येऊन लघवीचा जंतुसंसर्ग परत परत होऊ लागला, तर तपासणी परत करायची वाट बघत बसू नका. त्या स्थितीत पिशवी आधी रिकामी करावी लागते, नळी घालून, आणि मूत्रपिंडं सावरल्यावर पुढचं ठरतं.